सात बटाट्यांचं देवघर

मानवतमध्ये कोणाची वास्तुशांत ठरली की नर्मदाबाईंना आमंत्रण द्यावं की नाही, यावर त्या घरात आधी खलबतं होत. दिलं तर बाई येणार, चपला काढल्या काढल्या सगळं घर सोडून देवघराकडे जाणार आणि चारचौघांत काहीतरी बोलणार. नाही दिलं तर गावभर बोलणार. शेवटी लोक आमंत्रण देत आणि आज बाईंचं लक्ष जेवणाकडेच राहो, अशी मनातल्या मनात प्रार्थना करत.

तसं व्हायचं नाही. बाकीच्या बाया स्वयंपाकाचा ओटा बघत, फरशीवर पाय घासून पाहत, घरमालकिणीची साडी कुठली असेल याचा अंदाज बांधत. नर्मदाबाई देवघरासमोर मांडी ठोकून बसत. हात लांबवून दिव्यापर्यंत पोचतो का बघत, वितीने उंची मोजत, मान वर करून छत न्याहाळत आणि मग निकाल देत. "समईच्या डोक्यावर फॅन लावलाव व्हय? दिवा टिकल का?" किंवा, "फरशी लय गुळगुळीत हाय. तेल सांडलं की देव घसरगुंडी खेळतील." एका मास्तरांच्या घरी देवघराचा ड्रॉवर उघडला की पूजेला बसलेल्याच्या गुडघ्यावर आपटतो, हे त्यांनी मास्तरांच्याच गुडघ्यावर सिद्ध करून दाखवलं. एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात देवांच्या भिंतीपलीकडे संडास आहे, हे त्यांनी भिंतीला कान लावून ओळखलं आणि पूजा सांगायला आलेल्या महाराजांसमोर जाहीरही केलं. महाराजांनी तेव्हापासून मंत्र जरा घाईने म्हटले, असं सांगतात.

पुढे पुढे लोक शहाणे झाले. बांधकाम झाल्यावर बोलणी खाण्यापेक्षा पाया खोदतानाच बाईंना रिक्षात घालून नेऊ लागले. बाईही पदर खोचून जात. त्यांच्यापाशी नियमांचा तोटा नव्हता. काही आईकडून आलेले, काही कीर्तनात ऐकलेले, आणि काही तिथल्या तिथे जन्माला आलेले. हे शेवटचं गुपित त्यांचे यजमान बन्सीधरराव यांनाच ठाऊक होतं. बन्सीधररावांची हयात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेली. मशीनच्या धडधडाटात कान थोडे कमी झाले होते, आणि कुठं किती कमी झालेत हे ते सोयीप्रमाणे ठरवत.

मौज अशी, की सगळ्या गावाची देवघरं तपासणाऱ्या या बाईच्या घरचं देवघर कोणी पाहिलंच नव्हतं. बघायला होतं काय? भाड्याच्या दोन खोल्या. पिठाच्या डब्यावर एक फळी. फळीवर पितळेची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. मुलगी सासरी निघताना माहेरची माणसं हे दोन देव बरोबर देतात, तेच हे. बाकी भिंतीवर कॅलेंडर.

घराण्याचे देव होते पिंगळीला, थोरल्या जाऊबाईंकडे. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले पाच टाक: खंडोबा, तुळजाभवानी, माहूरची रेणुका, पोखर्णीचा नरसिंह आणि लढाईत पडलेला कोणी मूळपुरुष, ज्याला घरात नुसतं वीर म्हणायचे. त्या घराची रीतच होती. भाऊ वेगळे झाले की शेत वाटायचं, भांडी वाटायची, विहिरीच्या पाळ्यासुद्धा वाटायच्या. देव वाटायचे नाहीत. ते थोरल्याच्या घरी राहणार. वाटणीच्या दिवशी थोरल्या जाऊबाई, चांगुणाबाई, देवांपुढे आडव्या उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "काय न्यायचं ते ने नर्मदे. देवाला हात लावू नको."

नर्मदाबाईंच्या कडेवर तेव्हा बालाजी होता. त्यांनी भांड्यांचं पोतं उचललं आणि मानवतला आल्या. भांडण झालं नाही, बोलणं तुटलं नाही, सणावाराला येणंजाणं राहिलं. पण मनात एक गोष्ट घट्ट बसली. कधीतरी आपलं घर व्हावं, त्यात आपलं देवघर असावं आणि त्या देवघरात घरचे देव यावेत. पाटावर बसून आपल्या हाताने त्यांना आंघोळ घालावी. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बन्सीधररावांनाही नाही, कारण ते त्यांनी ऐकलं नसतं.

आणि आता बालाजीने मानवतलाच प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. बालाजी बियाण्याच्या कंपनीत, महिन्यातले बरेचसे दिवस फिरतीवर. घराचं सगळं त्याची बायको राजनंदिनी बघायची. पोरगी हुशार, कॉम्प्युटर शिकलेली. तिने मोबाइलवर देवघरांचे इतके फोटो जमवले होते की बोटाने सरकवता सरकवता चहा गार व्हायचा.

"हे बघा ना आई, मागे ॐ, त्याच्यात लाइट, आणि लाइटचा रंग आपोआप बदलतो. पुढे काचेची दारं."

"काचंत कशाला? देव काय कापडाचं दुकान टाकायलेत?"

"धूळ नाही बसत आई."

"आन धूर कुठून जायचा? उदबत्तीनं देव खोकले म्हणजे?"

सुतारकाम महारुद्र मिस्त्रींकडे होतं. गालात तंबाखू धरून ते दोघींचं सारख्याच भक्तिभावाने ऐकत आणि दोघींनाही "होऊन जाईल" म्हणत. सकाळी सासूच्या मापाने फळी कापत, दुपारी सुनेच्या मापाने ती कमी करत. असं आठवडाभर चाललं तेव्हा त्या सागवानी फळीचा पाट होईल की पोळपाट, अशी वेळ आली. मग एका दुपारी मिस्त्रींनी तंबाखू थुंकली, ही त्यांच्याकडची मोठी गोष्ट होती, आणि म्हणाले, "मावशी, वहिनी, तुमी दोघी आधी एक व्हा. मी तवर दुसऱ्याचं दार बसवून येतो."

तह झाला. ॐ राहिला, रंग बदलणं गेलं. काच गेली, जाळीची दारं आली. घटस्थापनेला माती ओली राहते, प्लायवूड फुगेल, म्हणून खाली दगडी फरशी. घटावर माळ सोडायला छतात कडी. काडेपेटीला हाताशी कोनाडा. वातींचा ड्रॉवर कडेला, कोणाच्याही गुडघ्यापासून लांब. देवांसाठी दोन पायऱ्या. आणि पूजेला बसायला एक पाट मावेल एवढी चौकट, खाली लाल दगडाची. एवढं झाल्यावर नर्मदाबाई म्हणाल्या, आता बसून बघायचं.

बसवलं बन्सीधररावांना. अंगात बनियन, समोर रिकामं देवघर. देव अजून नव्हते म्हणून नर्मदाबाईंनी पिशवीतून बटाटे काढून पायऱ्यांवर मांडले आणि नवऱ्याच्या हातात रिकामा तांब्या दिला.

"हं, घाला पाणी."

"कोणाला?"

"ह्यो मोठा, खंडोबा. मग भवानी. वाकून न्हाई, बसूनच हात पोचला पायजे."

बन्सीधररावांनी बटाट्यांना नसलेल्या पाण्याने आंघोळ घातली, नसलेलं गंध लावलं, हवेत घंटी वाजवली. नरसिंहापाशी त्यांचं कोपर जाळीला लागलं तेव्हा मिस्त्रींनी पेन्सिलीने खूण केली. एक बटाटा घरंगळून खाली आला. "वीर पडला," बन्सीधरराव गंभीरपणे म्हणाले. राजनंदिनी तोंडाला ओढणी लावून हसत होती. हसता हसता तिची नजर पायऱ्यांवर फिरली आणि ती थांबली.

"आई, आपल्याकडं देव दोनच आहेत ना? मग सात बटाटे कशाला?"

मिस्त्रींची पेन्सिल कानामागे गेली. बन्सीधररावांना नेमकं हे वाक्य ऐकू आलं होतं, तरी ते तांब्याच्या तळाकडे बघत बसले. नर्मदाबाईंनी पडलेला बटाटा उचलला, पदराने पुसला, पुन्हा जागेवर ठेवला.

"पाच पिंगळीचे," त्या म्हणाल्या.

"मोठ्या सासूबाईंनी द्यायचं कबूल केलंय?"

"इचारलं न्हाई अजून."

घर उभं राहिलं, रंग झाला, देवघरात पाच देवांच्या पाच जागा मापून कोरल्या गेल्या, आणि देव ज्यांच्याकडे आहेत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. वराचा पत्ता नसताना मांडव घालावा तशातली गत. बन्सीधरराव एवढंच म्हणाले, "वहिनी न्हाई देयाच्या." आणि पुढचं काही ऐकू येईनासं झालं.

राजनंदिनीला मात्र वाईट वाटलं. रात्री भाकरी थापता थापता तिने तोडगा काढला. "आई, परभणीला सोनाराकडून नवे टाक करून आणू. हुबेहूब करतात."

"आन सासू मेली तर सोनाराकडून नवी करून आणशील व्हय गं?"

"तसं नाही हो आई."

"तसंच असतंय," नर्मदाबाई म्हणाल्या आणि तवा उतरवला.

दुसऱ्या दिवशी त्या वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला म्हणून एकट्याच निघाल्या. मानवत रोडला पॅसेंजर धरली. खिडकीशी बसून त्यांनी भाषणाची तालीम केली. "अक्का, तुमचं वय झालं. तुमाला आता वाकणं होत न्हाई. देवाची आबाळ व्हायलीय." हे परभणीपर्यंत बरं वाटलं. परभणी सुटल्यावर ते जरा तोडून बोलल्यासारखं वाटायला लागलं. "अक्का, लेकराच्या घरात देव येऊ द्या." हे लाचार वाटलं. पिंगळी आली तेव्हा हातात एकही धड वाक्य उरलं नव्हतं.

चांगुणाबाईंचं दार उघडंच होतं. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक सासरी, शेत बटईने दिलेलं. आत कोणाशी तरी बोलणं चाललं होतं म्हणून नर्मदाबाई उंबऱ्याबाहेर थबकल्या.

"उठा आता. लय झोपा झाल्या. खंडोबा, सरक की जरा, देवीला जागा दे. रोज तेच. आन काय रे वीरा, काल शेळी आपल्या पऱ्हाटीत शिरली, तू काय करायलास? हातात तलवार घेऊन नुसता हुबा. भवानीमाय, आज गुडघा लय ठणकायलाय. काय करू? जाऊ का दवाखान्यात? बरं, उद्या जाते. तू म्हणतीस म्हणून."

चुलीशेजारच्या भिंतीत हातभर देवळी. धुराने काळी, एका अंगाला कललेली, भिंतीला ओल. त्यात पाच टाक, घासून घासून चकचकीत. समोर कमरेत वाकलेली म्हातारी, तांब्या घेऊन, बडबडत. नर्मदाबाई उंबऱ्यातच मुद्दाम खोकल्या.

"कोण? नर्मदे, तू व्हय? ये. काय म्हणायचंय ते मला ठावं हाय. आधी च्या पी."

चहा झाला. चांगुणाबाईंनी कपबशी पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "बोल."

"वास्तुशांत हाय अक्का. तुमी यायचं."

"येईन. आन?"

"आन..." नर्मदाबाईंनी देवळीकडे पाहिलं. "नवं लुगडं नेसून यायचं."

"बस, येवढंच?"

"येवढंच."

चांगुणाबाई डोळे बारीक करून जावेकडे बघत राहिल्या. "सगळ्या मानवतच्या देवघरांना नावं ठेवतीस म्हणं. माझ्या देवळीला ठेव की एखादं. काय खोट हाय?"

दोष मोजायचे तर दुपार पुरली नसती. नर्मदाबाई म्हणाल्या, "काय खोट न्हाई अक्का."

"बरं वाटत न्हाई का तुला?" चांगुणाबाईंनी काळजीने त्यांच्या कपाळाला हात लावला.

घरी आल्यावर बन्सीधररावांनी नजरेने विचारलं. नर्मदाबाई म्हणाल्या, "त्यांचे त्यांच्याकडं बरे हायेत," आणि साडी बदलायला गेल्या. राजनंदिनीने मग विषय काढला नाही. वास्तुशांतीच्या सकाळी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण नव्या देवघरात बसले. एवढ्या मोठ्या जागेत ते दोघं उगाच लवकर आलेल्या पाहुण्यांसारखे दिसत होते. वर पाच जागा मोकळ्या. आलेल्या बायका देवघराकडे पाहत, एकमेकींकडे पाहत आणि कोशिंबिरीचं कौतुक करत. आजवरचे सगळे हिशेब चुकते करायची इतकी नामी संधी असूनही कोणी बोललं नाही, हा त्या बायकांचा मोठेपणाच.

महाराजांनी संकल्प सांगायला घेतला तेवढ्यात दारात ऑटो थांबला. चांगुणाबाई उतरल्या. अंगावर नवं लुगडं, पोटाशी धरलेला डबा. कोणी हात द्यायला गेलं तर त्याला कोपराने बाजूला सारलं. गर्दीतून वाट काढत सरळ देवघरापाशी गेल्या, पाटावर बसल्या आणि डबा उघडला. तांदळात पुरलेले पाच टाक एकेक करून बाहेर आले.

"अक्का," म्हणत नर्मदाबाई पुढे आल्या.

"मागायला आली व्हतीस. मागितले असतेस तर दिले नसते." चांगुणाबाईंनी खंडोबाला त्याच्या जागेवर टेकवलं. मग भवानी, रेणुका, नरसिंह, वीर. सगळे मापात बसले. कोपर कुठे लागलं नाही. "घे. सांभाळ."

नर्मदाबाई सगळ्यांसमोर रडल्या, पदर तोंडात कोंबून, खांदे गदगदा हलवत. आनंदच झाला होता, दुसरं काही नव्हतं. पूजा झाली. त्यांनी आपल्या हाताने देवांना आंघोळ घातली, गंध लावलं, फुलं वाहिली. इतकी वर्षं मनात घोकलेलं सगळं जसंच्या तसं झालं. पंगती उठल्या, पाहुणे पांगले.

दिवेलागणीला चांगुणाबाई निघाल्या. काखेत रिकामा डबा. "बालाजी म्हणतोय गाडीनं सोडतो. उशीर नको." दारापर्यंत गेल्या आणि वळून देवघराकडे पाहिलं. "येते रे," म्हणाल्या. एरवी देवांना धडाधड बोलणाऱ्या बाईला पुढे काही सुचेना. नुसतेच ओठ हलले.

नर्मदाबाई उठल्या. देवघरात गेल्या, खंडोबाला उचललं, मग भवानीला. पाचही पदरात घेऊन आल्या आणि जावेच्या काखेतला डबा ओढून त्यात ठेवू लागल्या.

"काय करायलीस? येडी झालीस का?"

"तुमचे देव तुमी न्या."

"जलमभर तुला देव पायजे व्हते. आज दिले तर नको?"

"मला पायजे व्हते अक्का. तुमाला लागतेत."

चांगुणाबाई मटकन पायरीवर बसल्या. डबा दोघींच्या मध्ये. ही घेईना, ती ठेवून घेईना. बालाजी गाडीची किल्ली फिरवत उभा. बन्सीधररावांना सगळं लख्ख ऐकू येत होतं आणि ते चष्मा पुसत होते.

तेवढ्यात राजनंदिनी म्हणाली, "पण आई, दिवा लागलाय आता. दिवा लागल्यावर देव घराबाहेर काढत नाहीत, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

असं नर्मदाबाईंनी उभ्या जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून अगदी साळसूद चेहऱ्याने उभी होती. नवा कोरा नियम, तिथल्या तिथे जन्मलेला. असा ओळखायला त्यांना किती वेळ लागणार?

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच सांगते."

"आमच्यात असं काय न्हाई," चांगुणाबाई उसळल्या.

"आमच्यात हाय."

"आगं, तुमच्यात आन आमच्यात वेगळं कवापासून झालं? घर येकच हाय की!"

बोलून गेल्या आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. बालाजीने किल्ली खिशात टाकली. राजनंदिनीने डबा उचलून आत नेला आणि नर्मदाबाईंनी थोरल्या जावेला दंडाला धरून उठवलं.

दुसरा दिवस मंगळवार निघाला, मंगळवारी देव हलवत नाहीत. मग अमावस्या आडवी आली. मग राजनंदिनीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की दिशा चांगली नाही. चांगुणाबाई रोज सकाळी म्हणतात, "उद्या जाते मी," आणि आंघोळ करून पाटावर बसतात. "खंडोबा, सरक जरा. येवढी ऐसपैस जागा दिली तरी तेच. वीरा, तुला तर इथं शेळी बी न्हाई राखायची, मजा हाय तुझी." सगळ्या घराला त्याने जाग येते. नर्मदाबाई फुलांचं ताट घेऊन मागे उभ्या राहतात, पाट मोकळा व्हायची वाट बघत. तो मोकळा होतो तेव्हा देवांची आंघोळ झालेली असते, गंध झालेलं असतं, नैवेद्यही झालेला असतो. त्यांच्या वाट्याला फक्त फुलं राहतात.

आठवड्याने दाराचं बिजागर बसवायला महारुद्र मिस्त्री आले, तेव्हा नर्मदाबाईंनी त्यांना देवघरापाशी नेलं आणि लाल दगडाच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"मिस्त्री, माझं माप चुकलं. दोन पाट बसतील येवढी करा."

मिस्त्रींच्या गालातली तंबाखू जागच्या जागी थांबली. नर्मदाबाईंच्या तोंडून असं वाक्य मानवतमध्ये कोणी ऐकलं नव्हतं. ते काही म्हणायच्या आत पाटावरून चांगुणाबाईंचा आवाज आला, "आन खंडोबाच्या म्होरचा पाट माझा, सांग त्याला."

"सांगते," नर्मदाबाई म्हणाल्या आणि वीत पसरून माप घ्यायला खाली बसल्या.